२००४ची जिप्सी विकून २०१८ची व्ही-क्रॉस घ्यावी का?

कातळकर | २४ मे, रात्री ९:५०

मंडळी, आंब्याचा मोसम आटोपला, पेट्यांचे हिशेब आले, हातात चार पैसे दिसले आणि घरात गाडीवरून वाद पेटला. तीन आठवडे झाले, विझत नाही. म्हणून धागा काढतोय.

आमची बाग राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. कलमं दोनशेच्या आसपास, बाकी काजू. घर ते बाग अडीच किलोमीटर, पण त्या अडीच किलोमीटरात चार जातीचे रस्ते आहेत. आधी पंचायतीचं डांबर (कधीकाळी होतं, आता खडी). मग उघडा कातळ. मग पऱ्या (ओढा), मेपर्यंत कोरडा आणि जूनपासून गुडघाभर. शेवटी दोन्ही अंगांना गडगा (दगडी कुंपण) असलेली पाणंद, आणि ती संपते तिथे आमचं बेडं, म्हणजे बागेचं फाटक (फोटो टाकलाय).

सध्याची गाडी: मारुती जिप्सी, २००४, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्शन), कापडी टप. १२९८ सीसी पेट्रोल, ८० बीएचपी, १०३ न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनची ओढ). वडिलांनी २०११ मध्ये जुनीच घेतली. बागेत पोचली नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही. फवारणीचा पंप, अर्धं भरलेलं पिंप आणि दोन गडी घेऊन चढते. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्लाय. तिथे मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिबिट मारलेत, तरी पऱ्यातून जाताना डाव्या पायाला थंडगार लागतं. साठच्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरतं. अ‍ॅव्हरेज दहा-अकरा. यंदा अणुस्कुरा घाटातून क्रेट घेऊन कोल्हापूरला निघालो, तर अर्ध्या चढावर दुसरा गिअर सोडून पहिल्यात यावं लागलं. मागे एसटी, तिच्या ड्रायव्हरने हॉर्नवरून हात काढला नाही.

समोर आलेली गाडी: इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१८, अडीच लिटर डिझेल, १३४ बीएचपी, ३२० न्यूटन मीटर, फोर बाय फोर, एकच मालक, ९२ हजार किलोमीटर. कोल्हापूरचे ओळखीचे आहेत, तेरा लाख म्हणतात. एसी, एअरबॅग, चार दरवाजे, मागे हौदा.

बायको व्ही-क्रॉसच्या बाजूने. वडील म्हणतात, "जिप्सी विकलीस तर मी बागेत चालत जाईन." वय ७४, खरंच जातील. माझं मत सकाळ-संध्याकाळ बदलतं.

---

घाटवळण | २४ मे, रात्री १०:१५

यात विचार कसला करताय? आकडेच बघा की. जिप्सीचे १०३ न्यूटन मीटर मिळतात ४५०० फेऱ्यांवर. म्हणजे भरली गाडी चढवायची तर इंजिन किंचाळायला लावायचं. व्ही-क्रॉसचे ३२० मिळतात १८०० फेऱ्यांपासून. तिप्पट ताकद, तीही हळू चालवताना. अणुस्कुऱ्यात तुम्ही एसटीच्या पुढे असाल.

---

डिझेलमामा | २४ मे, रात्री ११:०२

दोन्ही चुकीच्या गाड्या आहेत. जीप घ्या. महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल. माझ्याकडे २६ वर्षं आहे. जगात कुठेही बंद पडली तरी पक्कड, तार आणि शिव्या एवढ्यावर चालू होते.

---

घाटवळण | २४ मे, रात्री ११:१०

मामा, जगात कुठेही बंद पडते हे तुम्हीच लिहिलंत.

---

डिझेलमामा | २४ मे, रात्री ११:१४

शेवटचं वाक्य वाचा ना बाळ.

---

मिस्तरी_नाना | २५ मे, सकाळी ७:३०

कातळकर, गाडी विकायची तर विका, पण स्टिअरिंग थरथरतं म्हणून विकू नका. तो आजार आहे, म्हातारपण नाही. जिप्सीला पुढे अख्खा अ‍ॅक्सल आहे. चाक ज्या किंगपिनवर वळतं तिथे वर-खाली दोन छोटे बेअरिंग असतात. ते झिजले, किंवा शिमचा (फटीतल्या पातळ चकत्यांचा) हिशेब चुकला, की साठ-पासष्टला चाक नाचायला लागतं. लोक व्हील बॅलन्सिंग करतात, टायर बदलतात, स्टिअरिंग बॉक्स खोलतात, आणि रोग असतो तिथे कोणी हात लावत नाही.

तपासायची रीत सांगतो. पुढचं चाक जॅकवर उचला. एक हात टायरच्या डोक्यावर, एक पायथ्याशी. आत-बाहेर हलवा. टक असा आवाज आला तर व्हील बेअरिंग नाहीतर किंगपिन. मग घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबला की व्हील बेअरिंगचा खेळ धरला जातो. तरीही टक आला तर किंगपिन. सोबत पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) शॅकल बुश आणि स्टिअरिंगचे टायरॉड एन्ड बघून घ्या. चार-सहा हजारांत गाडी सरळ होईल.

पत्र्याचं मात्र खरं. समुद्राकाठच्या जिप्सीला चेसिस बघितल्याशिवाय काही बोलू नये. छोट्या हातोडीने मागच्या पाट्याच्या हँगरजवळ ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद वाजलं तर आतून गेलं.

---

कातळकर | २५ मे, दुपारी १:२०

नाना, धन्यवाद. केलं. ब्रेक दाबायला वडील बसले होते. टक आला, उजव्या चाकाला. वडिलांच्या चेहऱ्यावर असा आनंद की जणू गाडी नवी झाली. "बघ, मी म्हणत होतो, काही झालेलं नाही तिला."

हातोडी: डावीकडे खणखणीत, उजवीकडे... मधलाच काहीतरी आवाज.

---

मिस्तरी_नाना | २५ मे, दुपारी १:४४

मधला आवाज म्हणजे बद. आपल्याला ऐकायचं नसतं इतकंच.

---

गावाकडची_सून | २५ मे, दुपारी ३:०५

टॉर्क, किंगपिन सगळं वाचलं. आता मागे बसणाऱ्यांकडून दोन शब्द.

आमच्याकडेही जिप्सी होती. मागे समोरासमोर बाक, आडवे बसायचे. घाटात वळण आलं की अख्खी बाजू समोरच्यांच्या मांडीवर. मला सातवा महिना होता, सासऱ्यांनी "गाडी दणकट आहे गो" म्हणून नेलं. दणकट होती, प्रश्नच नाही. गाडीला काहीच झालं नाही.

एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे धड पट्टा नाही. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा ही गाडी सामान्य गिऱ्हाइकाला विकणं थांबलं, ते उगाच नाही. कातळकर, बायको व्ही-क्रॉस म्हणतेय तर ती हौद्यासाठी म्हणत नसेल. एकदा विचारून तर बघा.

---

कातळकर | २५ मे, रात्री ८:४०

विचारलं. "दहा वर्षांत पहिल्यांदा विचारलंस," असं उत्तर आलं. ताई, तुमचे आभार मानू की नको, कळत नाही.

---

लालचिखल | २६ मे, सकाळी ६:५५

गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरतं, चिखल-जंगलातली गाड्यांची शर्यत, २०१४पासून. मी दोनदा बघायला आणि एकदा पाण्याचे कॅन वाहायला गेलोय. तिथे रांगेत काय दिसतं? जिप्सी आणि जीप. पिकअप अगदी तुरळक. शर्यतीच्या गाड्या मूळच्या राहिलेल्या नसतात, विंच (ओढून काढायची दोरीची चरखी), लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे), मोठे टायर सगळं असतं, हे मान्य. तरी लोक सुरुवात जिप्सीपासून का करतात? वजन.

मूळची जिप्सी टनाच्या आसपास. व्ही-क्रॉस रिकामी असतानाच दोन टनाकडे झुकलेली. मऊ लाल चिखलात जिप्सी वरच्यावर निघून जाते, तिथे जड गाडी स्वतःच्या वजनाने खाली बसते. आणि रुतल्यावर? जिप्सी चार माणसं ढकलतात. व्ही-क्रॉसला ट्रॅक्टर लागतो.

दुसरं, लांबी. जिप्सीच्या दोन चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर, व्ही-क्रॉसचं ३०९५. पाऊण मीटर जास्त. कातळ जिथे उंचवट्यावरून एकदम खाली उतरतो तिथे पोट टेकेल. मागे चाकाच्या पलीकडे शेपूट आहे, ते पऱ्यातून वर चढताना घासेल.

तिसरं, रिकामा हौदा. पिकअपचे मागचे पाटे मालाच्या हिशेबाने कडक बांधलेले असतात. रिकामी गाडी खडबडीत कातळावर मागून उड्या मारते आणि ओल्यात मागची चाकं नुसती फिरतात. माझ्या ओळखीचे एक पावसाळाभर हौद्यात आठ जांभ्याचे चिरे टाकून हिंडतात. डिझेल जळतं ते चिरे फिरवायला.

---

घाटवळण | २६ मे, सकाळी ९:१०

ते बागायतदार आहेत, शर्यतीला चाललेले नाहीत. वर्षातले दहा दिवस चिखल आणि बाकी डांबर-कातळ. दहा दिवसांसाठी ३५५ दिवस कशाला हाल?

---

लालचिखल | २६ मे, सकाळी ९:३२

कोकणात पावसाळा दहा दिवसांचा. बरं.

---

कागद_दाखवा | २६ मे, सकाळी ११:४८

चिखलातून वर या, आरटीओत भेटू.

जिप्सी २००४ची, म्हणजे १५ वर्षं २०१९ मध्ये भरली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. २०२४चं केलंय ना? एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीची ही फी ६०० वरून ५००० रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला की दंड. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती तुमच्या दोन्ही गाड्यांना लागू. व्ही-क्रॉस घेताना मूळ मालकाने लावलीय का ते बघा, नाहीतर पहिला खर्च तुमचा.

व्ही-क्रॉसची आरसी नीट वाचा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी असेल तर कागदावरची भारक्षमता तेवढ्याच आकाराच्या पिवळ्या पाटीच्या पिकअपपेक्षा बरीच कमी असते. हौदा मोठा दिसतो म्हणून टनभर टाकायचा नाही. स्वतःच्या बागेचे क्रेट वेगळे. शेजाऱ्याचे क्रेट भाड्याने नेऊ लागलात तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

आणि गाडी मूळची कोल्हापूर पासिंगचीच आहे ना? दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातल्यापासून तिकडच्या डिझेल गाड्या वय भरायच्या आत इकडे येतात. वाईटच असतात असं नाही, उलट त्यांना खारा गंज नसतो. पण इकडचा रोड टॅक्स भरलाय का, ते बघावं लागतं.

---

कातळकर | २६ मे, दुपारी २:१५

एमएच ०९, मूळचीच. नंबरप्लेट लावलेली नाही.

---

कागद_दाखवा | २६ मे, दुपारी २:१७

वाटलंच.

---

पर्थकर | २६ मे, संध्याकाळी ५:३०

ऑस्ट्रेलियातून. इथे पिकअपला यूट म्हणतात आणि तो जवळजवळ धर्म आहे. फोर्डने १९३४ मध्ये इथे पहिली यूट काढली. गेली कित्येक वर्षं देशात सगळ्यात जास्त खपणारी गाडी ही टोयोटा हायलक्स नाहीतर फोर्ड रेंजर, दोन्ही पिकअप. सुतार, प्लंबर, शेतकरी, आणि आयुष्यात कधी फावडं न धरलेले माझ्यासारखे आयटीवाले, सगळ्यांकडे.

तुमची जिप्सी इकडे सुझुकी सिएरा या नावाने विकली गेली. अजूनही दिसते, आणि तिच्या मालकांशी वाद घालू नये हा इथलाही अनुभव.

पण एक फरक. इथल्या शेतात फाटक चार मीटरचं असतं. यूट आरामात आत जाते. तुमच्या फोटोत ते बेडं दिसतंय ते केवढं आहे? व्ही-क्रॉसची रुंदी १८६० मिलिमीटर आहे, तीही आरसे सोडून.

---

घाटवळण | २६ मे, संध्याकाळी ५:५०

हे आधी कोणालाच सुचलं नाही.

---

कातळकर | २७ मे, सकाळी ८:०५

टेप घेऊन गेलो होतो. बेड्याच्या दोन चिरेबंदी खांबांच्या आतलं अंतर: १९२ सेंटिमीटर.

जिप्सी १५४. दोन्ही बाजूंना १९-१९ उरतात. इतकी वर्षं कधी लक्षातही आलं नाही की तिथे अडचण आहे.

व्ही-क्रॉस १८६. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर. आरसे मिटून.

---

गावाकडची_सून | २७ मे, सकाळी ८:३०

खांब हलवा की. चिरेबंदी आहे, ताजमहाल नाही.

---

कातळकर | २७ मे, सकाळी ९:००

ताई, डावा खांब आमचा. उजवा खांब आणि त्याला लागून असलेला गडगा धाकट्या काकांचा. वडील आणि काका १९९८पासून बोलत नाहीत. कारण एक फणस. फणसाचं झाड नव्हे, फणस. एक नग.

---

डिझेलमामा | २७ मे, सकाळी ९:२०

बरका की कापा?

---

कातळकर | २७ मे, सकाळी ९:२२

कापा.

---

डिझेलमामा | २७ मे, सकाळी ९:२३

मग बरोबर आहे.

---

शहाणा_गिऱ्हाईक | २७ मे, दुपारी १२:१०

जिम्नी का नाही? २०२३ची पाच दाराची. रुंदी १६४५, बेड्यातून जाते. दीड लिटर पेट्रोल, १०५ पीएस, एसी, एअरबॅग, लो गिअर (चढ-चिखलासाठीचा संथ, जास्त ओढीचा) सगळं. जिप्सीची खरी वारस तीच.

---

लालचिखल | २७ मे, दुपारी १२:४०

माणूस नेण्यासाठी उत्तम. आंबा कुठे ठेवणार? मागची सीट पाडली तरी सहा-सात क्रेट, आणि औषधाचा वास कायमचा गाडीत.

अवांतर: सैन्याच्या यादीत जिप्सी ५०० किलोच्या वर्गातली. तिच्या जागी दुसरी गाडी शोधताना त्यांनी ८०० किलो, वर पत्र्याचं टप आणि एसी मागितला, आणि २०१७ मध्ये टाटा सफारी स्टॉर्मची ३१९२ गाड्यांची ऑर्डर दिली. म्हणजे कातळकरांच्या बायकोचं आणि लष्कराचं मत एकच.

---

कातळकर | २७ मे, दुपारी १:०५

हे वाक्य तिला दाखवलं. आता ते फ्रिजवर लावलंय.

---

मिस्तरी_नाना | २८ मे, सकाळी ७:१५

व्ही-क्रॉस बघायला जाणार असाल तर चार गोष्टी. एक, गाडी थंड असताना चालू करून घ्या, मालकाला आधी चालू करू देऊ नका. दोन, क्लच. चौथ्या गिअरला चढावर जोरात दाबा, फेऱ्या वाढल्या आणि वेग वाढला नाही तर प्लेट गेली. तीन, फोर बाय फोरचा खटका. शहरातल्या मालकाने तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसतो आणि नेमका तुमच्या चिखलात तो अडकतो. मातीवर गाडी नेऊन चार चाकं लावून बघा, मग गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये लो लावून बघा. दिवा लुकलुकत राहिला तर काहीतरी अडकलंय. चार, हौद्यातलं प्लास्टिकचं अस्तर उचलून खालचा पत्रा बघा. वरून चकचकीत, खाली पाणी साचून गंजलेलं, असं फार वेळा असतं.

२०१८ची बीएस फोर (धुराचा आधीचा निकष) आहे हे तुमच्या फायद्याचं. बीएस सिक्स डिझेलला धुराचा फिल्टर असतो. अडीच-तीन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्याच्या गाडीत तो पुरेसा तापत नाही, साचत जातो, मग हायवेवर अर्धा तास पळवून जाळावा लागतो. तुमची खेप नेमकी अडीच किलोमीटरची.

---

कातळकर | १६ जून, रात्री १०:२०

उशिराबद्दल माफी. पाऊस सुरू झाला, आणि गाडीचे मालक मोठ्या मनाचे, म्हणाले, "मीच घेऊन येतो, तुमच्या रस्त्यावर बघा." परवा आले. तपशिलात लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाचं थोडं थोडं खरं निघालं.

डांबर आणि कातळ: काही बोलायलाच नको. जिप्सीत कातळावर आपण दात आवळून बसतो. इथे बायको मागे बसून फोनवर बोलत होती, पलीकडच्या बाईला कळलंही नाही की ती गाडीत आहे. मागून थोडी उडते, लालचिखल म्हणाले तशी, पण आत बसलेल्याला ते लांबून ऐकू आल्यासारखं वाटतं.

पऱ्या: पाणी नडगीच्या वर. खटका फिरवला, दिवा लागला, गाडी संथ उतरली आणि संथ चढली. चढताना मागे एकदा खर्र झालं, शेपूट टेकलं. पाय कोरडे. वडील छत्री घेऊन पलीकडे गडग्यावर बसले होते. त्यांनी फक्त छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

पाणंद: आरसे मिटले. हळूहळू निघालो. दोन्ही बाजूंचं ओलं शेवाळ काचेपासून वीतभर. आणि मग बेडं.

मी तीन-तीन सेंटिमीटरचा हिशेब केला होता, पण एक विसरलो. बेडं सरळ रेषेत नाही, वळणावर आहे. गाडीचं नाक खांबांमधून गेलं. गडी पुढून हात दाखवत होता, "येवा, येवा." पण चाकांमधलं अंतर तीन मीटर, वळताना मागचं चाक पुढच्याच्या वाटेने येत नाही, आतून कापत येतं. मालकांनी तीनदा मागेपुढे केलं. तिसऱ्यांदा मागचं उजवं चाक गडग्याच्या पायथ्याच्या दगडावर चढलं, वरचा एक चिरा हलला, सरकला आणि अगदी सावकाश, सगळे बघत असताना, मागच्या मडगार्डवर टेकला. पडला नाही, टेकला. पिवळी माती आणि चार बोटं रंग.

कोणी काही बोललं नाही. पावसाचा तेवढा आवाज.

मग उलटं. वळायला जागा नाही, म्हणून दीडशे मीटर रिव्हर्स, वडील पुढे उभे राहून हात हलवत. एवढ्या प्रेमाने त्यांनी त्या गाडीसाठी केलेली ही एकच गोष्ट.

तेवढ्यात गड्याने जिप्सी आणली. पुढची चाकं जोडणारे हब हाताने फिरवले (मूळचे हवेवर चालणारे हब कधीच निकामी झालेत), लो लावला आणि पंप, पिंप सगळं घेऊन बेड्यातून आत गेला, तेही एका हाताने चालवत.

म्हणजे गणित असं दिसतंय. पऱ्याच्या अलीकडे व्ही-क्रॉसला तोड नाही. पऱ्याच्या पलीकडे जिप्सीला तोड नाही. आणि माझ्याकडे पैसे एकाच गाडीचे.

---

घाटवळण | १६ जून, रात्री १०:५५

मडगार्डचा खर्च कोणी दिला?

---

कातळकर | १६ जून, रात्री ११:००

मी देऊ केला. मालक म्हणाले, राहू दे, पॉलिशने जाईल. नाही गेला, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. पाच डझनाची पेटी द्यायची कबूल केलीय, पुढच्या वर्षीची.

---

लालचिखल | १७ जून, सकाळी ६:४०

दोन्ही का नको? जिप्सी विकून फार काही येणार नाही. ती बागेत ठेवा, कागदोपत्री जिवंत ठेवा. पऱ्यापर्यंत आंबा ती आणेल, पुढे दुसरी कुठलीही गाडी. दुसऱ्या गाडीला मग फोर बाय फोरही लागत नाही, पैसे वाचतात.

---

कागद_दाखवा | १७ जून, सकाळी ११:२०

हाच हिशेब धरायचा तर बोलेरो कॅम्पर बघा. अडीच लिटर डिझेल, पाच माणसं, मागे हौदा, कागदावर टनभर माल, म्हणजे क्रेट भरताना आरसी काढून बघायला नको. रुंदी १६७ सेंटिमीटर. फोर बाय फोरची हवी असेल तर तीही येते. दिसायला नवरदेवाची गाडी नाही, पण सुटा भाग राजापुरात मिळेल. घेताना मात्र कुठल्या पासिंगची आहे ते बघूनच घ्या, पिवळी (धंद्याची) पाटी असेल तर दरवेळची फिटनेस तपासणी आली.

---

डिझेलमामा | १७ जून, सकाळी ११:४५

१६७. बेड्यातून जाते. दोन्ही बाजूंना साडेबारा. पण वळणावर काय?

---

कागद_दाखवा | १७ जून, सकाळी ११:५२

वळणावर तीही कापणार, चाकांमधलं अंतर तिचंही तीन मीटरच्या आसपास. पण अरुंद आहे, दोनदा मागेपुढे करून निघेल असं वाटतं. नाहीतर पऱ्यावर जिप्सी आहेच.

---

गावाकडची_सून | १७ जून, दुपारी २:३०

कॅम्परमध्ये एअरबॅग बघूनच घ्या आणि मागची सीट बसून बघा. तुम्ही नाही. त्यांना बसवून बघा.

---

कातळकर | ५ जुलै, रात्री ९:१५

तीन बातम्या.

जिप्सीचं किंगपिन झालं, पाच हजार दोनशे. ऐंशीपर्यंत स्टिअरिंग हलत नाही. उजव्या हँगरजवळ चेसिसला आतून पट्टी मारून वेल्डिंग करून घेतलं, आवाज आता दोन्हीकडे सारखा. तिला विकायचा विषय घरात बंद.

व्ही-क्रॉस गेली. कराडच्या कोणी घेतली, साडेबारात, मडगार्डसकट.

तिसरी. परवा सकाळी काका स्वतः बेड्यापाशी उभे. सरकलेला चिरा त्यांनी बघितला होता. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. म्हणाले, "कोणाची गाडी होती रे? मोठी होती." मी सांगितलं. मग म्हणाले, "खांब दोन हात आत घेतला तरी मला काय अडत नाय. पण माझेपण वीस-पंचवीस क्रेट असतात." वडील जिप्सीत बसलेले, काच नाहीच, सगळं ऐकत होते. त्यांनी हॉर्न वाजवला. तो हो होता की नाही, यावर घरात सध्या चर्चा चालू आहे.

रविवारी कोल्हापूरला एक २०२१ची कॅम्पर बघायला जातोय, फोर बाय फोर. मला त्यातलं फार कळत नाही. तिकडचं कोणी सोबत येईल का?

---

मिस्तरी_नाना | ५ जुलै, रात्री ९:४०

मी कागलला असतो. येतो. गाडी थंड ठेवायला सांगा त्याला. पैसे-बिशे नको, आंबा असला तर आणा.

---

कातळकर | ५ जुलै, रात्री ९:४८

नाना, जुलैत आंबा कुठला. फणसपोळी आहे.

---

डिझेलमामा | ५ जुलै, रात्री ९:५०

कोणाच्या फणसाची?